राजाचं कडवं

रोज सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी तांगी आत्या एनॅमलचा पांढरा पेला उजव्या कानाजवळ धरायची आणि चमच्याने त्याला एक टोला द्यायची. मग डाव्या कानाजवळ, पुन्हा एक. पेल्यात रात्रीतून मुंग्या शिरतात, त्या झटकते, असं ती सांगायची. आम्हाला ते पटायचं, कारण आमच्या तामारुआ गावात मुंग्या खरोखरच सगळीकडे शिरतात. टोला देऊन झाला की ती थोडा वेळ तशीच उभी राहायची, दारातून कुणी हाक मारली की काय अशी. मग पाणी ओतायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, पावलं मात्र मोठी. अळूच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहून ती अर्धा दिवस काम करायची. उरलेल्या अर्ध्या दिवसात पिवळ्या इवल्या शिंपल्यांना सुईने भोकं पाडून माळा ओवायची. पॅसिफिकमधल्या आमच्या मंगाइया बेटावर हे सगळ्याच बायका करतात. गाव तिला ओळखायचं ते गाण्यांसाठी. एकतीस वर्षं आमच्या ख्रिस्ती मंडळीची नवी गीतं तिनेच केली.

गाणं ती कधी लिहायची नाही. आधी पुरुषांचा हुंकार ठरवायची. आमच्या उपासनागीतांत वाद्य नसतं. पुरुष छातीतून हुंकार देतात, त्याच्यावर बाकीचे गातात. चिखलातून एक पाय उपसायचा, दुसरा टाकायचा, त्या गतीवर तिला हुंकार सापडायचा. "खाली जमीन नसेल तर गाणं उभं कशावर राहणार?" ती म्हणायची. मग शब्द. ते शास्त्रातलेच, बायबलातलेच हवेत. वाकवता येतात, पण आपल्या पदरचे घालायचे नाहीत. "प्रभूच्या ताटात आपलं उष्टं वाढायचं नाही." मग चाल. सगळ्यात वरची जागा ती रिकामी सोडायची. तिथे एकाच बाईचा उंच आवाज फिरतो, आणि तो कसा फिरेल हे ती बाईच ठरवते. अठरा वर्षं ती जागा अकाइतीची होती. अकाइती डुकरं पाळायची आणि तोंडाने फटकळ होती.

आत्याचा अजून एक नियम होता. कुणाशी भांडण असताना गाणं करायचं नाही. त्यामुळे नवं गीत सुरू करण्याआधी ती घरोघर जाऊन माफी मागायची. कधीकधी समोरच्याला भांडण आठवायचंही नाही.

"तांगी माफी मागायला आली," पोकोइना काका बायकोला ओरडून सांगायचे, "म्हणजे उआपोऊ जवळ आला. माझी पांढरी पॅन्ट काढ."

पोकोइना काका हुंकार देणाऱ्यांचे म्होरके. आणि उआपोऊ म्हणजे बेटावरच्या तिन्ही गावांच्या मंडळ्या एकत्र बसतात तो दिवस. देवळाचा पाळक, म्हणजे पाद्री, दोन-तीन महिने आधी शास्त्रातला एक भाग देतो आणि त्यावर एक प्रश्न विचारतो. त्या दिवशी प्रत्येक गाव उभं राहून नव्या गाण्यातून उत्तर देतं. गाणं गुप्त ठेवायचं असतं. आम्ही संडेस्कूलच्या हॉलच्या झडपा लावून तालमी करायचो, आणि शेजारच्या ओनेरोआ गावातल्या कुणाची तरी मोटारसायकल नेमकी त्याच वेळी हॉलसमोर बंद पडायची.

त्या वर्षी पाळक नवीन होता. आइतुताकी बेटावरचा, तिशीचा, येऊन जेमतेम तीन महिने झालेले. जुलैतल्या एका रविवारी त्याने भाग वाचला. दावीद राजा संकटात असताना ज्याने त्याला अन्न पुरवलं, त्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची गोष्ट. राजा परत निघाला तेव्हा त्याने म्हाताऱ्याला म्हटलं, माझ्याबरोबर राजधानीत चल, तुला मी सांभाळतो. म्हातारा म्हणाला, माझे दिवस किती उरलेत? मला चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मी तुला ओझं कशाला होऊ? मला माझ्या गावात आईबापांच्या कबरीपाशी मरू दे.

"प्रश्न असा," पाळक म्हणाला, "त्याने न जाण्यात बरं केलं, की नाही?"

देवळात कुणीतरी खाकरलं. मागे कुणीतरी हसलं. बेटावर घर असं नव्हतं ज्यातली मुलं ऑकलंडला नव्हती, आणि म्हातारं असं नव्हतं ज्याला 'चल, आम्ही सांभाळतो' म्हणून फोन येत नव्हता. पाळकाला ते ठाऊक नसावं. त्याने निरागसपणे शास्त्र मिटलं. आत्याचा हात टोपीच्या पिनेवर होता, तो तिथेच राहिला.

तिला तसा फोन फेब्रुवारीपासून येत होता. मेरेआना, तिची एकुलती मुलगी, ऑकलंडच्या एका इस्पितळात काम करायची. तिने खोली रंगवून ठेवली होती, खिडकीत पडदे लावले होते, ऑक्टोबरचं तिकीट काढलं होतं. उआपोऊला मी येते, आणि येताना तुला घेऊनच जाते, असं तिने कळवलं होतं.

"तू फोन उचलत नाहीस, आई. दहा-दहा वेळा वाजतो."

"खाचरात असते मी."

"रात्री आठ वाजता खाचरात?"

यावर आत्या अळूचा विषय काढायची. तिने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. शेवटच्या फोनवर मेरेआना म्हणाली होती, "तिथे पडलीस आणि कुणाला कळलंच नाही, तर मी आयुष्यभर काय तोंड दाखवू?" आत्या म्हणाली होती, "तुला तोंड दाखवायचंय म्हणून मी यायचं का?" आणि फोन ठेवून दिला होता.

तर, प्रश्न मिळाल्यावर ती नेहमीप्रमाणे माफीच्या फेरीवर निघाली. पोकोइना काकांकडे गेली, अकाइतीकडे गेली, माझ्या आईकडे दोनदा गेली. मेरेआनाला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा माफीचं बोलणं सुरू व्हायचं आणि तिकिटावर येऊन अडकायचं.

आणि भांडण तसंच असताना गाणं आलं. एका सकाळी खाचरातच, दोन कडवी, हुंकारासकट. असं कधी झालं नव्हतं. एरवी एकेका ओळीला आठवडा लागायचा. ती घरी आली, पाय न धुता पायरीवर बसली.

"चांगलं झालं की," मी म्हटलं.

"इतक्या पटकन देव देत नाही," ती म्हणाली. "हे माझंच आहे."

तेव्हापासून तिचं बसणं सुटलं. माळ ओवायला घ्यायची आणि पाच-सहा शिंपल्यांनंतर उठायची. देवळापर्यंत चालत जायची, आत न शिरता परत यायची. जेवताना मधेच काटा खाली ठेवून ओठ हलवायची, मान झटकायची. प्रार्थनेला गुडघ्यांवर बसली की लवकर उठायची नाही, आणि उठली की चेहरा पहिल्यापेक्षा त्रासलेला. एकदा मी विचारलं, काय मागतेस? म्हणाली, "मागत नाही. विचारते, हे तुझं की माझं? तो बोलत नाही. मी केलेलं असलं की तो असाच गप्प बसतो."

पण उआपोऊ थांबणार नव्हता. ऑगस्टच्या मध्याला तालमी सुरू झाल्या. पहिलं कडवं राजाच्या आमंत्रणाचं, दुसरं म्हाताऱ्याच्या नकाराचं. तिसरं, म्हणजे उत्तर, अजून नव्हतं.

"म्हातारा कानांचंही बोलतो ना?" पोकोइना काकांनी विचारलं. "चव आली, वय आलं, कबर आली. कान कुठे गेले?"

"ओळीत मावत नाहीत."

"तुझ्या ओळीत मागे आख्खा जलप्रलय मावला होता."

"पोकोइना, तू हुंकार दे. शब्द मी बघते."

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुसऱ्या कडव्याला अकाइतीचा आवाज नेहमीसारखा वर चढला, छताच्या पत्र्याला लागून खाली आला. आत्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"अकाइती, झोपलीस का गं? वर कुणीच नाही."

आम्ही हसलो. अकाइतीही हसली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा हात वर.

"अगं, जागा रिकामी आहे. ये ना."

तिसऱ्यांदा अकाइतीने होतं तेवढं सगळं लावलं. गळ्याची शीर तट्ट फुगली. दारात झोपलेलं काकांचं कुत्रं उठून तोंड वर करून रडायला लागलं.

"नाहीच आलीस," आत्या म्हणाली.

काका आपल्या चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तांगी, आज राहू दे. पोरींचे घसे बसलेत." आत्याने एकेक चेहरा पाहिला. कुत्र्याकडे पाहिलं. त्याचं तोंड अजून वरच होतं. तिने शाल उचलली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकाइती डुकरांच्या खरकट्याची बादली घेऊन आत्याकडे आली. मी तिथेच होते. आत्या पेल्याला टोला देत होती. या वेळी मुंग्यांचं काही म्हणाली नाही.

"ऐकू येतो?" अकाइतीने मोठ्याने विचारलं.

"चमचा येतो. त्याच्यानंतरची किणकिण येत नाही. गेल्या नाताळापर्यंत येत होती."

"आणि माझं?"

"तुझं जूनपासून गेलं. हुंकार येतो, मधले आवाज येतात. वरचं सगळं गेलं." तिने पेला उपडा ठेवला. "मेरेआनाला कळलं तर पुढच्या विमानात घालून नेईल."

"माझ्याकडून नाही कळायचं. माझं तोंड बंदच असतं."

हे बेटावर कुणालाही खरं वाटलं नसतं. आत्यालाही नाही. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

"मी गाणं कसं करू गं? वर काय चाललंय तेच कळणार नसेल तर?"

"अठरा वर्षं तरी तुला कुठे कळत होतं? तू जागा सोडायचीस, मी घुसायचे. तू आपली नुसती मान हलवायचीस."

त्या दिवसापासून तालमीत आत्या अकाइतीच्या मागे उभी राहायला लागली, तिच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध पंजा टेकवून. अकाइती वर गेली की आत्याचे डोळे मिटायचे. पण तिची तगमग कमी झाली नाही, वाढलीच. कारण आता तिला कळलं होतं की म्हाताऱ्याच्या तोंडून कानांची ओळ तिनेच काढून टाकली होती. शास्त्रात होती ती ओळ, स्वतःला सोयीची नाही म्हणून.

सप्टेंबरच्या शेवटी ती पाळकाकडे गेली. मला बरोबर नेलं, तो हळू बोलतो म्हणून. पाळक ओट्यावर केळी सोलत होता. त्याने आम्हालाही दिली.

"गाण्यात माझं भांडण शिरलंय," आत्या म्हणाली.

"कोणाशी?"

"मुलीशी. म्हातारा राजाला नाही म्हणतो ते मला मुलीला म्हणायचंय. मग ते गीत कसलं? ते तर पत्र झालं. देवाच्या नावाने टाकलेलं पत्र."

"मावशी, स्तोत्रं करणारे काय कमी भांडत होते?"

"ते देवाशी भांडत होते. त्याच्याशी भांडायला माझी हरकत नाही."

पाळकाने केळ्याची साल बाजूला ठेवली. तो म्हणाला, "मग खोटी ओळ तरी राहू देऊ नका. खरं असेल ते सगळं घाला. कानांचं मला पोकोइना काका बोलले."

"तो पोकोइना आख्ख्या बेटाला सांगेल."

"सांगून झालंय, मावशी."

तिने केळं संपवलं. मग म्हणाली, "शेवट वाच. म्हातारा बोलून झाल्यावरचा."

त्याने वाचला. तिने कान पुढे केला. "मोठ्याने." त्याने ओरडून वाचला. "पुन्हा." तिसऱ्या वेळी शेजारच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. शेवटी एवढंच होतं: सगळे लोक नदीपार झाले, राजाही पार झाला, आणि राजाने म्हाताऱ्याचं चुंबन घेतलं, त्याला आशीर्वाद दिला. म्हातारा घरी परतला.

"म्हणजे निरोप राजाने दिला," आत्या म्हणाली. "मी आपली म्हाताऱ्याचंच बोलणं धरून बसलेय इतके दिवस."

परत येताना ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. वाटेत तिने दुसऱ्या कडव्यात कान घातले. मावले. घरी पोचेपर्यंत तिसऱ्याचा हुंकार ठरला होता: मंद, दोन हुंकारांमध्ये लांब अंतर, नदीतून जड पावलांनी चालल्यासारखा. तिसरं कडवं सगळं राजाचं. तो म्हाताऱ्याला जवळ घेतो, जा म्हणतो, आणि पुढे चालताना मागे वळून बघतो. वळून बघणं शास्त्रात नाही. ते तिच्या पदरचं होतं. तिला ते माहीत होतं. तिने दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं.

राजाचं कडवं बायकांनी गायचं, असं तिने ठरवलं. पुरुष फक्त हुंकार देणार.

मेरेआना शुक्रवारच्या विमानाने आली. पंचेचाळिशीची, आईसारखीच किरकोळ, चालणंही तसंच. संध्याकाळी शेवटची तालीम होती. आमच्या बायकांच्या रांगेत त्या वर्षी नऊच जणी उरल्या होत्या, त्यातल्या एकीला ताप आलेला.

"तू ये," आत्या मुलीला म्हणाली. "तुझा आवाज आहे अजून."

"एका तालमीत?"

"लहानपणी एका तालमीत शिकायचीस."

तिला पुढच्या रांगेत उभं केलं, मधोमध. दुसरं कडवं आलं. कानांची ओळ उचलता उचलता मेरेआना थांबली. आई अकाइतीच्या पाठीवर पंजा टेकवून उभी होती, डोळे मिटून. मेरेआनाने ते पाहिलं, पाठीवरचा हात पाहिला, अकाइतीकडे पाहिलं. अकाइतीने नजर छताला लावली. मग तिसरं कडवं सुरू झालं आणि मेरेआना गायला लागली. चाल तिने एका दमात उचलली.

त्या रात्री मायलेकी काय बोलल्या मला ठाऊक नाही. बहुतेक काहीच नाही.

उआपोऊ त्या वर्षी ओनेरोआच्या देवळात होता. तिसऱ्या गावाने, इव्हिरुआच्या लोकांनी, उत्तर दिलं की म्हाताऱ्याने चूक केली, राजाचं बोलावणं म्हणजे देवाचं बोलावणं. त्यांचं गाणं जोरकस होतं. ओनेरोआने म्हटलं, बरं केलं, आपली माती सोडू नये, आणि लोकांनी पाय आपटले. मग आम्ही उठलो. कोवळ्या माडपानांच्या टोप्या, पांढरे कपडे, काकांची पांढरी पॅन्ट. कानांच्या ओळीला देवळात चुळबुळ झाली, कारण काकांनी खरोखरच कुणाला सांगायचं ठेवलं नव्हतं. तिसऱ्या कडव्याला ती थांबली. नऊ बायका राजाच्या तोंडून म्हाताऱ्याला जा म्हणत होत्या आणि मधोमध मेरेआना होती. तिचा आवाज कुठेही हलला नाही. अकाइती वर गेली. आत्याचा पंजा तिच्या पाठीवर होता. शेवटचा हुंकार लांबत गेला, आणि मग बाहेरच्या खडकांवरचा समुद्र तेवढा ऐकू आला.

पाळकाने उठून समारोपाची प्रार्थना केली.

नंतर मंडपात जेवणं होती. डुक्कर, अळूचे कंद, नारळाच्या दुधातली अळूची पानं, बीट घातलेलं बटाट्याचं गुलाबी सॅलड, मायनेसे. लोक येऊन आत्याचे हात हातात घेत होते. मेरेआना तिच्यासमोर ताट घेऊन बसली, मोठ्याने बोलली, आईला ऐकू यावं म्हणून. त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

"तुझे कान गेलेत हे मला गाण्यातून कळावं?"

"मी सांगणार होते."

"कधी? आणि मला पुढे उभी केलीस. तीन गावांसमोर माझ्याच तोंडून वदवून घेतलंस. घरी एक शब्द बोलली नाहीस."

"ते बोलणं तुझं नाही. ते राजाचं आहे."

"गायलं मी, आई."

आत्याने काटा खाली ठेवला. "तापाने एक कमी होती," ती म्हणाली, पण आवाज असा होता की तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

"आता मी तुला नेलं तर मी कोण? आणि नाही नेलं तर?" मेरेआनाने ताट ढकललं. "मला उत्तर द्यायला तू जागाच ठेवली नाहीस."

अकाइती मधे पडली. "अगं, आधी जेवा तरी. डुक्कर माझं आहे."

कुणी हसलं नाही.

सोमवारच्या विमानाने मेरेआना एकटी गेली. विमानतळावर तिने आईला जवळ घेतलं, कपाळाला कपाळ लावलं, आणि जाळीच्या फाटकातून आत गेली. वळून बघितलं की नाही, हे घरी परतताना आत्याने मला दोनदा विचारलं. बघितलं होतं, असं मी म्हटलं. खरं तर मध्ये सामानाची गाडी आली होती.

राहायला मिळालं तरी तिला स्वस्थता आली नाही. मी मुद्दाम तिला पुढे उभी केली का? हे तिने अकाइतीला विचारलं, काकांना विचारलं, पाळकाला दर आठवड्याला विचारलं. काका म्हणाले, "नऊ जणींत आवाज एकीलाच होता, तांगी. मीही तिलाच उभी केली असती." ते तिला पुरलं नाही. अर्धं गाणं देवाचं आणि अर्धं मेरेआनाचं, असं ती म्हणायची. अर्धं तो घेत नाही. नाताळला मंडळीने ते गीत पुन्हा गायलं तेव्हा दुसऱ्या कडव्याला ती उठून बाहेर गेली आणि उंबराच्या सावलीत उभी राहिली. गाणं संपल्यावर आत आली.

जानेवारीत तिने अकाइतीला सांगून मेरेआनाला फोन लावला. अकाइतीने रिसीव्हर धरला, कारण तिकडचं बोलणं तिला आत्याच्या कानात ओरडून सांगावं लागायचं.

"गाणं करायच्या आधी मागायची ती माफी मी आता मागतेय," आत्या म्हणाली.

अकाइती ऐकत राहिली. मग ओरडली, "ती म्हणते, कशाची माफी? गाणं चांगलं होतं."

"ते मी विचारलं नाही."

"ती म्हणते, रागावलेय. पण फोन ठेवू नका म्हणते."

त्यांनी तो बराच वेळ ठेवला नाही. बोलणं मात्र फारसं झालं नाही. अकाइतीचा हात भरून आला तेव्हा मी रिसीव्हर धरला. पलीकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्यानंतर दर रविवारी तसाच फोन यायला लागला. तिकडे स्वयंपाक चालू असायचा, इकडे आत्या माळ ओवायची, आणि मधूनमधून कुणी तरी काही तरी विचारायचं.

नवं गीत तिने केलं नाही. माफीला मात्र जायची, मार्चमध्येही एक फेरी झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, एका दुपारी झोपली ती उठली नाही. कबर तिच्या आईबापांच्या शेजारी आहे, घराच्या मागच्याच अंगाला. मेरेआना आली, तीन दिवस राहिली. पुरताना तिसरं कडवं गायलं गेलं. ते सुरू केलं मेरेआनानेच. वरची जागा अकाइतीने तशीच रिकामी सोडली, आणि ती तोंड मिटून उभी राहिली. मला वाटतं, तिच्या आयुष्यातलं ते एकदाच.

आत्या गेली त्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे पपई मागायला गेले होते. ती पायरीवर बसून पाय पुसत होती. मी झाडाखाली उभी राहून वर बघत होते, आणि ती म्हणाली, "वरची नको काढू, ती अजून हिरवी आहे. खालची ने. आणि टोपली उद्या परत आण."